वजन कशानें येतें?
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवीं केलेलें भाषण)



रौप्यमहोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें गतकाळाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. देवळाचा पाया केव्हां खणला, घंटा कोठून आली, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, हें सर्व या स्मरणिकेंत इतरांनीं आमच्याहून चांगलें लिहिलें आहे. त्याची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. आम्हांस आज एका निराळ्या गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे, आणि ती बोलण्यास आनंदाचा दिवस फारसा योग्य नाहीं, हेंही आम्ही जाणतों.

१ मे १९९९ रोजीं परभणीपासून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्यांबरोबर खुर्च्याही आल्या. ज्या घरांत पूर्वीं कोयत्यावांचून दुसरें हत्यार नव्हतें, त्या घरांतील मुलें आज शिक्षक आहेत, मुली परिचारिका आहेत, कोणी बाजार समितींत हळदीच्या अडतीवर मुनीम आहे, कोणी तहसिलींत शिपाई आहे. थोड्याबहुत माणसांवर थोडाबहुत अधिकार चालविणारे लोक आतां आपल्यांत आहेत. यांत आम्हांस समाधानच आहे. परंतु अधिकार हातीं आल्यावर तो वापरावा कसा, हें आम्हीं तुम्हांस कधीं शिकविलें नाहीं. वाण्याच्या दुकानांत उधारी कशी मागावी हें गरिबास आपोआप येतें. उधारी कशी द्यावी हें मात्र कोणी त्यास सांगत नाहीं.

आपल्या भाषेंत 'वजन' हा शब्द मोठा बोलका आहे. अमक्याचें कचेरींत वजन आहे, म्हणजे त्याच्या शब्दानें काम होतें. कागद वाऱ्यानें उडूं नये म्हणून त्यावर कांहीं वजन ठेवावें लागतें, याचा अर्थही तहसिलीच्या पायऱ्या चढलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. तिसरें वजन साखर कारखान्याच्या कांट्यावर होतें. आम्ही मुख्यतः त्या तिसऱ्या वजनाविषयीं बोलणार आहों. कारण सेनगांव, कळमनुरी, औंढा या बाजूच्या वाड्यातांड्यांवरील लोकांचें निम्मे वर्ष त्याच्यावर तोललें जातें.

बाहेरगांवच्या पाहुण्यांसाठीं व्यवहार थोडक्यांत सांगतों. पावसाळ्यांत मुकादम वस्त्यांवर फिरूं लागतो. नवराबायकोच्या जोडीस एक कोयता म्हणतात. प्रत्येक कोयत्यास तो उचल देतो. ही रक्कम बहुधा त्याची स्वतःची नसते; कारखान्याकडून वाहतूकदाराकडे व तेथून मुकादमाकडे ती आलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी फडावर जाते, आणि गाळप संपेपर्यंत तोडलेल्या उसाच्या टनांतून ती उचल फिटावयाची असते. २०२४ च्या जानेवारींत झालेल्या करारानें तोडणीचा दर शेंकडा ३४ वाढला, व मुकादमाचें कमिशन शेंकडा १९ वरून २० झालें.

आतां या माणसाच्या हातीं सत्ता आली कोठून, पहा. त्यास कोणीं निवडून दिलेलें नाहीं. तो कारखान्याचा पगारी चाकर नाहीं, आणि धनीही नाहीं. उचलीनें कोयता बांधला गेला हें खरें. परंतु आमच्या मतें त्याची खरी सत्ता एका चिठोऱ्यांत आहे. गाडी कांट्यावर चढते, वजन होतें, पावती निघते. ती पावती ज्याच्या खिशांत, त्याच्याच तोंडी हिशोब. पहाटे उठून मोळ्या बांधणाऱ्या बाईस आपण किती तोडलें हें हातावरच्या घट्ट्यांवरून कळतें, पावतीवरून नाहीं. एक दिवस ताप आला तर खाडा; खाड्याचा दंड किती, तेंही मुकादमच सांगणार. खाडा पडूं नये म्हणून बायांनीं गर्भाशय काढून घेतल्याचीं प्रकरणें बीड जिल्ह्यांत २०१९ सालीं उजेडांत आलीं, तेव्हां शासनास चौकशी समिति नेमावी लागली. हंगामाच्या अखेरीस बाकी निघते, आणि बाकी निघाली म्हणजे पुढचें वर्षही त्याचेंच.

मुकादमाची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर अन्याय होईल. उचल घेऊन कोयता रातोरात पळाला, तर वाहतूकदार मुकादमाच्या उंबऱ्यावर येऊन बसतो. त्या पायीं शेत विकलेले मुकादम आम्हीं पाहिले आहेत. वरून दाब आहे म्हणून तो खालीं दाबतो. परंतु दाब कोठून आला हें समजलें, म्हणजे दाबणें योग्य ठरलें असें नव्हे.

आम्ही या धर्मग्रामांत आलों त्याच्या दुसऱ्या वर्षींची गोष्ट. आपल्यांतील एक मुकादम मोठे वजनदार गृहस्थ होते. मिस्सेस पुढच्या रांगेंत बसत. देवळाच्या फरशीस त्यांनीं सढळ हातानें मदत केली होती. त्यांनीं नुसता निरोप धाडावा, कीं वीस-पंचवीस माणसें झाडलोटीस, मिरवणुकीस हजर. आम्ही त्यास श्रद्धा म्हणत होतों. ती माणसें त्यांचे कोयते होते, हें आम्हांस माहीत नव्हतें असें नाहीं. तिकडे आम्हीं पाहिलें नाहीं.

एके दिवशीं दुपारीं त्यांच्या टोळींतील एक बाई आमच्याकडे आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि म्हणाली, "फादर, आमच्याकडं बाकी किती निघते, तेवढं त्यांना इचारून सांगा." तिनें आरोप केला नव्हता, पैसेही मागितले नव्हते. तिला फक्त एक आंकडा पाहिजे होता. आम्हीं तिला सांगितलें, "बाई, ते भले गृहस्थ आहेत, हिशोबांत चूक करणार नाहींत." ती निमूटपणें गेली. पुढच्या हंगामापूर्वीं तें कुटुंब गांव सोडून गेलें. "पळाले," असें मुकादम म्हणाले, आणि आम्हींही तोच शब्द पुढें दोनचार ठिकाणीं वापरला. त्या टोळीची हिशोबाची वही कधींच नव्हती, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

ते गृहस्थ आज हयात नाहींत, म्हणून त्यांच्याविषयीं अधिक बोलत नाहीं. आमच्याविषयीं मात्र बोललें पाहिजे. आमच्या हातीं त्या दिवशीं अधिकार होता. आम्ही विचारलें असतें, तर त्यांस उत्तर द्यावें लागलें असतें. तो अधिकार आम्हीं फरशीच्या मोबदल्यांत गहाण टाकला होता, आणि तसें करतांना आम्हांस तें कळलेंही नाहीं.

दुसरा एक मुकादम आम्हांस ठाऊक आहे. तो आपल्या धर्मग्रामांतला नव्हे. तो दररोज संध्याकाळीं कोप्यांपुढें बसून त्या दिवसाच्या पावत्या मोठ्यानें वाचून दाखवितो. टोळींतील एक दहावी झालेली सून त्या वहींत उतरविते, आणि ती वही तिच्याच कोपींत राहते. आम्हीं त्याच्या सचोटीची स्तुति केली, तेव्हां तो हंसला. म्हणाला, "सचोटी कशाची, फादर? वही त्यांच्यापाशी असली म्हणजे भांडण होत नाही, अन् माणूस पळत नाही." इतर मुकादम उचल वाढवून कोयते ओढतात, याच्याकडे थोड्या उचलीवर कोयते येतात. कारखान्याच्या शेतकी खात्यांतही त्याचा शब्द चालतो, कारण त्यानें सांगितलेले कोयते फडावर हजर असतात. ज्ञान झांकून मिळविलेलें वजन पावती सांपडली कीं जातें. याचें वजन दर संध्याकाळीं पावती वाचल्यानें वाढत गेलें.

ही रीत नवी नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईच्या मांडवी भागांतील एका गिरणींत कोठारपाल होते. गिरणींतील कोठारपाल म्हणजे मधल्या फळींतला मनुष्य. त्यास वरचेही ओळखतात आणि खालचेही. तेथें बसून त्यांनीं जें पाहिलें, तें ते लोकांस सांगत राहिले. १८८० पासून 'दीनबंधु' पत्र त्यांनीं चालविलें. १८८४ सालीं त्यांनीं गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढें ठेविला. २४ एप्रिल १८९० च्या मुंबईंतील सभेस सुमारें दहा हजार कामगार जमले, आणि तेथें दोन स्त्री कामगारांनींही भाषणें केलीं. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रविवारीं मिस्सेस येतों तेव्हां हा दिवस सुट्टीचा कोणीं केला याचा विचार करीत नाहीं. मुंबईच्या कामगारास तो मिळवून देण्यांत महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजांतील या गृहस्थांचा वाटा फार मोठा होता, आणि त्यांचें आम्हां ख्रिस्ती लोकांवरही ऋण आहे. ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं प्लेगच्या सांथींत ते वारले.

उसाच्या फडावर मात्र अद्याप रविवार नाहीं. गाळप रात्रंदिवस चालतें. मोंढ्यांतल्या हमालास १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार आहे. ऊसतोडणीच्या कामगारासाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाचें कल्याण महामंडळ झालें आहे, व ग्रामसेवकाकडून ओळखपत्र मिळूं शकतें. ज्यांनीं अद्याप तें घेतलें नसेल, त्यांनीं टोळी निघण्यापूर्वीं घ्यावें. कार्ड मिळालें म्हणजे पोट भरतें असें आम्ही म्हणत नाहीं.

खुर्चीवर बसलेल्या आपल्या मुलांमुलींस एवढेंच विचारतों. तुमच्यापाशीं येणारा मनुष्य तुमच्या हातांतला कागद वाचूं शकतो काय? दवाखान्यांत रांग कशी लागते, अर्ज कोणत्या टेबलावर अडला आहे, हळदीच्या पट्टींत तोलाई किती कापली, हें त्यास तुम्ही होऊन सांगतां, कीं त्यानें हात जोडण्याची वाट पाहतां? शुभवर्तमानांतील कफर्णहूमचा शताधिपति आपण कोणाच्या हुकुमाखालीं आहों आणि आपल्या हुकुमाखालीं कोण आहे, हें दोन्ही एका दमांत सांगतो. आणि तो आलेला असतो चाकराच्या दुखण्यासाठीं. आम्हीं ही कथा अनेक वर्षें श्रद्धेवरील प्रवचनासाठीं वापरली. तो एक अंमलदार होता, याकडे आमचें लक्ष फार उशिरां गेलें.

आतां कामाचें. धर्मग्राम मंडळानें पन्नास वह्या आणविल्या आहेत. यंदा टोळ्या निघण्यापूर्वींच्या चार रविवारीं, मिस्सेनंतर, वजनपावती कशी वाचावी, टनांवरून रक्कम कशी काढावी आणि उचलींतून ती कशी वजा करावी, हें आपल्या शाळेंतील दोन शिक्षिका शिकवितील. बायांनीं अवश्य यावें. मुकादमांसही आमचें आमंत्रण आहे. आपल्यांतील तिघांनीं येण्याचें कबूल केलें आहे, एकानें नकार दिला आहे, आणि त्याची देणगी आम्हीं या महोत्सवासाठीं स्वीकारलेली नाहीं.

पहिली वही आम्हीं बाजूस काढून ठेविली आहे. ती बाई कोठें आहे याचा तपास चालू आहे. पलीकडच्या जिल्ह्यांतील एका वस्तीचें नांव परवां आमच्या कानीं आलें. महोत्सव आटोपला कीं आम्ही तिकडे जाणार आहों.