कुंड्यांपाशी आधी कोण?

(यंदाच्या प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर सोसायटीच्या आवारात केलेले भाषण. अनेक सभासदांच्या आग्रहावरून छापत आहोत. – संपादक मंडळ)



मला भाषणाची सवय नाही. 31 वर्षं एसटीत चालक होतो. आमच्या डोक्यावर पाटीच असायची, ‘वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये’. तेव्हा गप्प बसणं अंगवळणी पडलंय. पण आज आपल्या बागेजवळच्या कुंड्यांविषयी बोलायचंय, म्हणून उभा राहिलो.

आपण इथे राहायला आलो तेव्हा वारजे महापालिकेत येऊन तीन-चार वर्षंच झाली होती. 1997 साली गाव हद्दीत आलं. तेव्हा आपल्या सोसायटीत मोटारी तीन. बाकी स्कूटर आणि सायकली. आज एकेका घरात दोन-दोन गाड्या आहेत, रस्ता मात्र तेवढाच. बागेच्या वळणावर एका मुलाला मोटारसायकलचा धक्का बसला तेव्हा सर्वसाधारण सभेत आपण गतिरोधकाचा ठराव केला. हौसेनं सिमेंटचा बांध घातला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंटिमीटर उंच हवा. मग ताशी 25 किलोमीटरनं गाडी त्यावरून सुखानं जाते. आपला होता हातभर रुंद आणि वीतभर उंच! गाड्यांचे तळ घासले, ज्येष्ठांच्या कमरा दुखल्या. शेवटी तो फोडला आणि दोन्ही बाजूंना मोठ्या कुंड्या ठेवून एका वेळी एकच गाडी जाईल एवढी वाट ठेवली.

वेग कमी झाला, हे मान्य करायला हवं. मुलं निर्धास्त खेळू लागली. पण भांडणं वाढली. आधी कोण जाणार, हे ठरवायचं आपण विसरलो.

गेल्या पावसाळ्यातली ती संध्याकाळ बऱ्याच जणांना आठवत असेल. कुंड्यांच्या मधोमध दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या, आणि त्यांच्या मागे रुग्णवाहिका सायरन वाजवतेय. बी विंगमधल्या आजोबांच्या छातीत दुखत होतं. त्या दोन गाड्यांपैकी बाहेर निघालेली गाडी माझी होती. नाव कोणी घेत नाही, म्हणून मीच सांगतो.

मी अप्पर-डिप्पर दिला. म्हणजे ‘मी निघालोय, थांब’. समोरच्यांनीही दिला. दोघंही घुसलो. त्यांच्या मागे रिक्षा, दोन स्कूटर आणि मग रुग्णवाहिका. माझ्या मागे सगळं पार्किंग मोकळं. मला फक्त वीस फूट मागे यायचं होतं. पण ‘मी आधी आलोय’ हे एकच डोक्यात. मी खाली उतरून वाद घातला. वॉचमननं हात जोडले तेव्हा भानावर आलो. तीन-चार मिनिटं गेली असतील. आजोबा देवाच्या कृपेनं बरे झाले, आज पहिल्याच रांगेत बसलेत. त्यांच्या घरचं कोणी मला एका शब्दानं बोललं नाही. तेच जास्त लागलं.

आणि हा माणूस कोण, तर ज्यानं वरंधा घाटात वर्षानुवर्षं बस मागे घेतली! घाटाचा नियम 1989 च्या नियमावलीत स्पष्ट लिहिला होता: रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्यानं बाजूला थांबायचं, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. का? भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलणं अवघड. क्लच जळतो, गाडी मागे घरंगळते. म्हणून वळणाच्या आधी रुंद जागा बघून आम्ही थांबायचो. मागे घ्यायची वेळ आली तर कंडक्टर उतरून शिट्टी द्यायचा. तिथे कोणाची गाडी मोठी, कोण आधी आलं, हे कोणी विचारत नाही. थांबणं कोणाला जड जाईल, एवढंच बघतात. घाटात मला हे कळत होतं. घराच्या दारात कळलं नाही.

लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो, तिथे वस्तीत मुद्दाम अशाच अरुंद जागा केलेल्या दिसल्या. पण पाटी असते: लाल बाण ज्याच्या बाजूचा त्यानं थांबायचं, काळा बाणवाला आधी. आणि समोरच्यानं दिवा दाखवला की बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘या, तुम्ही आधी’. आपल्या अगदी उलट!

हायवेखालच्या भुयारी मार्गातली कोंडी आपल्या हातात नाही. पण कुंड्या आपल्या आहेत. म्हणून माझी सूचना अशी.

आत येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. तो थांबला तर मागची रांग पार सर्व्हिस रोडपर्यंत जाते. बाहेर जाणाऱ्याच्या मागे आपलंच आवार असतं. बाहेर जाणाऱ्यासाठी कुंड्यांच्या अलीकडे पांढरी रेघ मारू, तिथे थांबावं. आत येणाऱ्या दोन गाड्या गेल्या की तिसऱ्यानं थांबून बाहेरच्याला सोडावं, नाहीतर बिचारा उभाच राहील. दिवा दाखवला की त्याचा अर्थ एकच, ‘या’. चालणारा माणूस, सायकलवरचं पोर यांच्यापुढे कोणीच नाही.

रुग्णवाहिका किंवा अग्निशमनची गाडी असेल तर हे सगळे नियम रद्द; मिळेल तिकडे सरकायचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर तिला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण आपल्या आवारात ती येते ती आपल्याच कोणासाठी तरी. त्यासाठी दंडाची भीती कशाला लागावी?

त्या संध्याकाळी समोरच्या गाडीत होते ते गृहस्थ आज माझ्या शेजारीच बसलेत. रेघ मारायचा रंग त्यांनी आणलाय, ब्रश माझ्याकडे आहे. अल्पोपाहारानंतर ज्यांना वेळ असेल त्यांनी कुंड्यांपाशी यावं.

जय हिंद, जय महाराष्ट्र!