विद्यापीठाची थोरवी कशावरून मोजावी?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या शिष्यवृत्ती-निधीच्या नियमांत यंदा एक दुरुस्ती सुचविण्यात आली आहे. जागतिक क्रमवारीत ज्या विद्यापीठाचे नाव वरच्या अंगास असेल, तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यासच उच्च शिक्षणासाठी साहाय्य द्यावे, असा तिचा आशय आहे. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. विद्यापीठाची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. तथापि सारा जन्म खडू हाती धरून गेल्यामुळे शिक्षक ही काय चीज आहे हे आम्हांस थोडेबहुत कळते. तेवढ्याच अधिकारावर हे चार शब्द.

ही क्रमवारी लागते तरी कशी? शांघायच्या एका विद्यापीठाने २००३ साली सुरू केलेली यादी आज फार मान्यता पावली आहे. तीत १०० पैकी २० गुण नोबेल पारितोषिक अथवा गणितातील फील्ड्स पदक मिळविणाऱ्या अध्यापकांसाठी आणि १० गुण तसे यश मिळविणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी राखलेले असतात. साहित्याचे नोबेल त्यात धरीत नाहीत. पारितोषिक मिळाले त्या वेळी गृहस्थ ज्या संस्थेत असेल, तिच्या पदरात ते पडते. उरलेल्या गुणांत शोधनिबंधांचा वाटा मोठा. वर्गात तो शिकवितो कसा, या प्रश्नास एकही गुण नाही!

अध्यापकांच्या कीर्तीवर विद्यापीठ उभे राहते, हे आम्हांस मान्यच आहे. कलकत्त्याचेच पाहा. मुंबई, मद्रास व कलकत्ता ही तिन्ही विद्यापीठे १८५७ सालची. आणि आरंभी तिघांचेही मुख्य काम परीक्षा घेऊन पदव्या देण्याचे. पुढे आशुतोष मुखर्जी १९०६ ते १९१४ या काळात कलकत्त्याचे कुलगुरू झाले आणि त्यांनी माणसे हेरण्यास प्रारंभ केला. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांच्या देणग्यांतून विज्ञान महाविद्यालय निघाले. सरकारच्या हिशेब खात्यात भक्कम पगारावर असलेल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांना १९१७ साली पदार्थविज्ञानाच्या पालित अध्यासनावर आणले. रामन कमी वेतन पत्करून आले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस ही तर नुकतीच एम.एस्‌सी. झालेली पोरे, पण त्यांनाही अध्यापक नेमले. म्हैसूरहून राधाकृष्णन आले. आपल्या महाराष्ट्रातून सर रामकृष्णपंत भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर गेले आणि प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर १९३६ पर्यंत राहिले. प्रांत, भाषा न पाहता विद्वान गोळा करणारा असा कुलगुरू विरळा.

परंतु पुढचा भाग यादीत दिसत नाही. बोस १९२१ साली डाक्क्यास गेले, साहा १९२३ साली अलाहाबादेस. रामन यांना १९३० साली नोबेल मिळाले खरे, पण १९३३ साली ते बंगलोरास निघून गेले. त्या नावावर भुलून १९३४ साली कलकत्त्यास दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावयाचे? उलट डाक्का विद्यापीठ १९२४ साली अवघे तीन वर्षांचे बाळ होते. तेथे वर्ग घेत असताना बोस यांनी आइन्स्टाइनना जो निबंध धाडला, तो आइन्स्टाइननी स्वतः जर्मनमध्ये भाषांतरून छापविला. या बोस यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती आणि नोबेलही त्यांना मिळाले नाही. आजच्या मापाने डाक्क्याच्या खात्यात त्यांच्यापायी फारसे काही जमा झाले नसते.

जर्मनीतील ग्योटिंगेनचीही तीच कथा. गणित-पदार्थविज्ञानात त्याच्या तोडीचे विद्यापीठ क्वचितच होते. १९३३ साली हिटलरच्या राजवटीने ज्यू अध्यापकांना दूर केले आणि काही महिन्यांत त्या विद्येचे घर ओस पडले. त्यांपैकी माक्स बॉर्न यांना नोबेल मिळाले ते १९५४ साली, एडिंबरोहून निवृत्त झाल्यावर. काम मात्र १९२६ सालचे, ग्योटिंगेनमधले!

आता आपल्या मुंबईकडे वळू. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. समाजशास्त्राला ना नोबेल ना पदक. पण त्यांच्या हाताखालून इरावती कर्वे गेल्या, अ. र. देसाई गेले, म्हैसूरचे श्रीनिवास गेले. या श्रीनिवासांनी पुढे बडोदे आणि दिल्ली येथे समाजशास्त्राचे विभाग उभारले. अध्यापकाची थोरवी आम्ही तरी अशी मोजतो. पारितोषिक एकट्याच्या गळ्यात पडते, शिष्य दहा ठिकाणी दिवे लावतात. आमच्या या मापात शिक्षकी पेशाचा पक्षपात असेल, तर तो असो.

म्हणून सूचित दुरुस्तीस आमचा विरोध आहे. एखाद्या गरीब घरच्या मुलीला जवळच्या विद्यापीठात उत्तम मार्गदर्शक लाभत असता, केवळ यादीत नाव नाही म्हणून आपण तिला विन्मुख धाडावे काय? त्याऐवजी अर्जात तीन रकाने वाढवावेत, अशी आमची सूचना आहे: आपल्या विषयाचे अध्यापक त्या विभागात सध्या कोण आहेत, त्यांपैकी पदवीच्या वर्गास प्रत्यक्ष कोण शिकवितात, आणि मागील पाच वर्षांतील त्यांचे विद्यार्थी आज कोठे आहेत. ही माहिती विद्यार्थ्याने स्वतः पत्र लिहून मिळवावी. ज्यांना ते जमणार नाही, त्यांची पत्रे लिहून देण्यास आम्ही दर रविवारी सकाळी मंडळाच्या कचेरीत बसू.