बाळाच्या 'बाबाबा'कडे कान द्या

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)

ताईंनो, बचतीचा हिशेब झाला. आता पाच मिनिटं बाळांच्या बोलण्याबद्दल बोलू.

आपण म्हणतो, वर्षाचं झालं की बोलेल. पण त्याची तयारी पोटात असल्यापासून चालू असते. जन्मलेलं बाळ आईचा आवाज ओळखतं. दोन-तीन महिन्यांचं झालं की हुंकार देतं, 'अग्गू' करतं. सहा-सात महिन्यांनंतर 'बाबाबा', 'मामामा' सुरू होतं. ब, म ओठ मिटून निघतात, म्हणून ते सोपे. र, ळ यायला बराच वेळ लागतो. वर्षाच्या आसपास पहिला खरा शब्द येतो.

आता महत्त्वाचं. ज्या बाळाला ऐकू येत नाही, तेसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतं, हसतं. त्यामुळे घरात कुणाला शंकाच येत नाही. पुढे मात्र त्याचं 'बाबाबा' येत नाही, किंवा खूप उशिरा येतं. तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणतं, "याचा बापही उशिराच बोलला." कुणी जिभेला वेखंड लावतं, कुणी मध चाटवतं. यात मोलाची वर्षं जातात. वेखंडाने ऐकू येत नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर देऊच नये, त्यातून गंभीर आजार होऊ शकतो. कानात तेलही घालू नका.

मग काय करायचं? बाळाच्या मागे उभं राहून हाक मारा, वाटी-चमचा वाजवा. वळत नसेल, किंवा दहा महिन्यांपर्यंत 'बाबाबा' आलं नसेल, तर थांबू नका. आशाताईंना, अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, पुढची तपासणी मोफत होते. घरी वळलं, तरी मनात शंका असेल तर कान तपासूनच घ्या. दोष लवकर कळला, तर कानाचं यंत्र आणि शिकवणी यांचा उपयोग जास्त होतो.

आणि बाळाशी बोला. तेल लावताना, आंघोळ घालताना, भाकरी थापताना. ते 'अग्गू' म्हणालं की तुम्हीही म्हणा, मग थांबा, त्याची पाळी येऊ द्या. मोबाईल बाळाला उत्तर देत नाही. आजीच्या मांडीवर मात्र उत्तर मिळतं.

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गटाने आपल्या वाडीतल्या वर्षाच्या आतल्या बाळांची यादी करायची आणि एकेका घरी जाऊन विचारायचं, "बाळ काय काय आवाज काढतं?" चालेल ना?