पोरांनी खेळ उभा केला, पुढे काय?

(नगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने नाचगाण्यांच्या अमेरिकन चित्रपटावर बोलावे, याचे तुम्हांस नवल वाटले असेल. परंतु १९३९ सालचा 'बेब्ज इन आर्म्स' हा चित्रपट मी बेकारीवरील प्रकरणासारखा वाचत आलो आहे. दिग्दर्शक बझ्बी बर्कली. मिकी रूनी आणि जूडी गारलंड हे त्यातील तरुण नट. बोलपट आले आणि गावोगाव हिंडून नाच, गाणी व नकला करणाऱ्या 'व्हॉडव्हिल' कलावंतांचा धंदा बसला. त्यांच्या मुलांना सरकारी कामशाळेत धाडावे, असा आग्रह गावातील एक प्रतिष्ठित बाई धरते. न्यायाधीश थोडी मुदत देतो. मुले स्वतःच एक खेळ उभा करतात आणि अखेर न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर जाऊन पोचतात.

चित्रपट मोहक आहे, हे मी नाकारीत नाही. तथापि तो ज्या १९३७ सालच्या नाटकावरून घेतला त्यात एक कम्युनिस्ट मुलगा होता, वर्णद्वेषाचा प्रश्न होता. स्टुडिओने ते गाळले आणि तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणारा प्रवेश मात्र घातला. काय ठेवावे आणि काय काढावे, याची जाण भांडवलाला चांगली असते!

खरी गोष्ट पडद्याबाहेर घडत होती. मंदीत बेकार झालेल्या रंगकर्मींसाठी रूझवेल्ट सरकारने १९३५ मध्ये 'फेडरल थिएटर प्रोजेक्ट' सुरू केला होता. हॅली फ्लॅनगन या विदुषी त्याच्या प्रमुख. ऐन भरात बारा हजारांहून अधिक माणसांना त्याने पगार दिला आणि ज्यांनी आयुष्यात नाटक पाहिले नव्हते त्यांना अल्प दरात वा फुकट नाटक दाखविले. पुढे चौकशी समिती बसली. फ्लॅनगन यांनी आपल्या लेखात मार्लो या नाटककाराचा उल्लेख केला होता. हा गृहस्थ कम्युनिस्ट आहे काय, असे एका सदस्याने त्यांस विचारले. मार्लो १५९३ सालीच वारला होता. सभागृहात हशा पिकला, पण ३० जून १९३९ रोजी प्रकल्प बंद झाला तो झालाच. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हा चित्रपट आला. सरकारने हात काढून घेतला आणि पडद्यावरची पोरे स्वतःच्या हिमतीवर आईबापांस तारू लागली. हे कोणी ठरवून केले असे मी म्हणणार नाही. ठरविण्याची गरजही नसते.

याच १९३९ साली, हॉलिवुडपासून फार दूर, कांताबाई सातारकर जन्मल्या. जन्म गुजरातेतला, वाढ साताऱ्याची, कर्मभूमी आपले संगमनेर. कोवळ्या वयात त्या तमाशात आल्या, तुकाराम खेडकरांच्या फडात नावारूपाला आल्या, त्यांच्याशी त्यांचा संसार झाला. वगात त्यांनी पुरुषभूमिका गाजविल्या. १९६४ साली खेडकर गेले आणि पदरी मुले घेऊन त्यांना तो फड सोडावा लागला. पाच वर्षे दुसऱ्यांच्या फडांत काढल्यावर १९६९ मध्ये त्यांनी स्वतःचा तमाशा उभा केला. मुलेही त्याच बोर्डावर वाढली. रघुवीर खेडकर हे नाव तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार कांताबाईंना मिळाला. मे २०२१ मध्ये संगमनेरात त्यांचे निधन झाले. चित्रपटात शोभावी अशीच ही कथा, आणि म्हणूनच ती सांगताना मला भीती वाटते. एक कांताबाई वर आल्या, हे पाहून आपण बाकीच्यांविषयी निश्चिंत होतो.

बाकीच्यांपैकी एक माझ्या वर्गात होता. बाप ढोलकीवर, आई गवळणीत. दसऱ्याला फड बाहेर पडला की हा मुलगा दिसेनासा होई. परीक्षेचे दिवस म्हणजे नेमका चैत्रातल्या जत्रांचा हंगाम. उपस्थिती अपुरी म्हणून त्याचा परीक्षेचा अर्ज अडला. अडविणारी सही माझी होती. 'सर, वडिलांनी उचल घेतली आहे,' एवढेच तो म्हणाला. उचल या विषयावर त्याच आठवड्यात मी वर्गात व्याख्यान दिले होते, ते ऊसतोडीच्या संदर्भात!

पाथर्डी-शेवगावची जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्याला जातात, ती आपणांस दिसतात. पावसाळ्यात काम नसताना कलावंत फडमालकाकडून उचल घेतो आणि पुढचा हंगाम ती फेडीत नाचतो, तो आपणांस फक्त नाचताना दिसतो. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा अशा आगाऊ रकमेच्या बंधनाला उद्देशूनच आहे. परंतु फडमालकाला तुरुंग दाखवून प्रश्न सुटणार नाही. तंबू, ट्रक, डिझेल यांसाठी तोही व्याजाने पैसे उचलतो. २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन चैत्र टाळेबंदीत बुडाले, तेव्हा मालक आणि कलावंत एकाच खड्ड्यात पडले. ज्येष्ठ कलावंतांना शासन मानधन देते, ते योग्यच. पण ते म्हातारपणी. पंचविशीतल्या मुलीने आषाढात काय खावे?

आपल्याच राज्यात याचा नमुना आहे. कांताबाईंनी फड काढला त्याच १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून मंडळ नेमले. काम करवून घेणाऱ्याने मजुरीवर लेव्ही भरायची आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार द्यायचा. तमाशाचे गावही रोज बदलते. मग सुपारीच्या रकमेवर लेव्ही का नको? ती जत्रा समितीने भरावी, तंबूच्या तिकिटातूनही थोडा वाटा यावा, शासनाने तेवढीच भर घालावी, आणि पावसाळ्याचे चार महिने कलावंताला उचलीऐवजी मंडळाकडून हप्ता मिळावा. अडचणी पुष्कळ आहेत. सुपारीचा व्यवहार बहुधा तोंडी आणि रोखीत होतो. कलावंतांची नोंदवही नाही. काही फडमालक विरोध करतील. माथाडींच्या वेळी व्यापाऱ्यांनी काय कमी विरोध केला होता?

कायदा व्हायचा तेव्हा होईल. समोर बसलेल्यांपैकी कित्येकजण आपापल्या गावच्या जत्रा समितीत आहात. पाडव्याच्या सुमारास तुम्हीच नारायणगावला जाता, राहुट्यांत बसून घासाघीस करता आणि पाच हजार कमी केले म्हणून गावात येऊन मिरविता. यंदा सुपारी लेखी करा. फडात माणसे किती, उचल कोणावर किती, हे विचारा आणि त्या कागदाची एक प्रत पक्षाच्या कचेरीत आणून द्या.