कवटी कोणाची?

ऊस तुटून गेला की बांधावर किंवा ओढ्याकाठी एखादी पांढरी कवटी हमखास सापडते. सुळे दिसले की कुणीतरी 'बिबट्या' म्हणतं, आणि जुन्नरसारख्या भागात मग रात्री मोटार सुरू करायला शेतात जायचं कोणी, असा प्रश्न पडतो. वस्तीजवळची अशी कवटी बहुधा कुत्र्याची निघते. सुळे दोघांनाही असतात, म्हणून सुळे सोडा आणि दाढा बघा. वरच्या जबड्यात कात्रीच्या पात्यासारखी एक मोठी दाढ असते. तिच्यामागे दोन रुंद दाढा असतील तर तो कुत्रा किंवा कोल्हा. बिबट्याला तिथं जेमतेम मण्याएवढा एकच दात असतो. कुत्र्याचे दात ४२, बिबट्याचे ३०. काही गळालेले असतात, तेव्हा दातांची रिकामी भोकंही मोजायची.

वरच्या जबड्यात पुढं ना दात, ना भोकं, असं दिसलं तर ती शेळी, मेंढी, गाय किंवा हरीण. शेळीच्या शिंगावरचं कवच कुजून निघतं आणि आतला हाडाचा खुंट तेवढा उरतो. लोकांना वाटतं, शिंग कोणी कापून नेलं!

खरी धांदल उडते ती वानराच्या कवटीनं. डोळे समोर, दात आपल्यासारखे ३२. लहान मुलाची कवटी म्हणून गाव हादरतं. पण वानराचा जबडा पुढे आलेला असतो, कपाळ मागे उतरतं आणि हनुवटी नसते. नराचे सुळे तर चांगले लांब असतात. मुलाची कवटी वरून मोठी, गोल आणि चेहरा इवलासा. तिळभर जरी शंका असली तरी हात लावू नका, पोलिसांना कळवा. ती कुठं, कशी पडली होती, हाच पुढे तपासाचा धागा ठरतो.

आणि शोभेसाठी कवटी घरी नेण्याची हौस तर अजिबात नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मेलेल्या सापडलेल्या वन्यप्राण्याचे अवशेष सरकारी मालमत्ता ठरतात. ते हाती आले तर ४८ तासांत कळवावं लागतं. त्यापेक्षा शेजारी काडेपेटी ठेवून समोरून, बाजूनं आणि टाळूकडून असे तीन फोटो काढा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो, आणि ते वनरक्षकाला दाखवा.