तळपायावरचा काळा डाग



गणित शिकवितांना मी मुलांना नेहमीं सांगत असें कीं, उत्तर चुकलें म्हणजे आधीं पहिली ओळ तपासावी. आमच्या घरांत एकदां असेंच उत्तर चुकलें, आणि तें पहिल्या ओळींतच चुकलें होतें. माझ्या थोरल्या बंधूंच्या डाव्या टाचेवर एक काळसर डाग उठला. शेतांत अनवाणी वावरणारा माणूस. कांटा मोडला असेल, कुरूप झालें असेल, असें आम्हीं घरच्यांनीं ठरवून टाकलें. कुरुपाच्या पट्ट्या झाल्या, बिब्बा झाला, एका ओळखीच्या डॉक्टरांनीं तें तासलेंहि. दीड वर्षानें जांघेंत गांठ आली. त्यानंतरहि चार महिने लोटले, तेव्हां कोठें त्या डागाचा तुकडा तपासणीस गेला आणि त्याचें खरें नांव कळलें. तें नांव मेलॅनोमा.

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालेला साधा शाळामास्तर. परंतु त्या दिवसांत जें विचारलें, वाचलें आणि पडताळून पाहिलें, तें आपणांपुढें ठेवतों.

आपल्या कातडीस रंग देणाऱ्या कांहीं पेशी असतात. त्या पेशींचाच हा कर्करोग. गोऱ्या लोकांत तो फार. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत त्याचें प्रमाण जगांत सर्वांत अधिक आहे, कारण थंड हवेंतून गेलेल्या गोऱ्या कातडीवर तेथील प्रखर ऊन पडतें. लहानपणीं उन्हानें कातडी भाजून सोलवटणें, अंगावर पुष्कळ तीळ असणें, आणि घरांत पूर्वीं कोणास हा रोग झालेला असणें, हीं त्याचीं मोठीं कारणें होत. विल्यम नॉरिस नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें १८२० सालींच आपल्या एका रोग्याच्या वडिलांचें व त्या घराण्यांतील तिळांचें वर्णन करून ठेविलें होतें. कातडी तांबूस दिसावी म्हणून विजेच्या दिव्यांखालीं पडून राहण्याची एक हौस पाश्चात्त्य देशांत आहे. तीहि कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनें २००९ सालीं दिला. गोरें होण्यासाठीं आपण धडपडावें आणि काळें होण्यासाठीं त्यांनीं, ही मौज खरीच!

मग सांवळ्या माणसानें निश्चिंत राहावें काय? येथेंच आमची चूक झाली. सांवळा रंग उन्हापासून बराच बचाव करतो. परंतु तळपाय, तळहात आणि नखांखालची जागा येथें होणाऱ्या मेलॅनोमाचा उन्हाशीं फारसा संबंधच नसतो, आणि आपल्यासारख्यांत तो आढळतो तो बहुधा तेथेंच. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीं १९७७ सालीं तो सांपडला. फुटबॉल खेळतांना झालेली इजा, अशी आधीं समजूत होती. अंगठा काढण्याचा सल्ला त्यानें मानला नाहीं. रोग पुढें मेंदू, फुप्फुस व यकृत यांत पोंचला, आणि १९८१ च्या मे महिन्यांत, वयाच्या ३६ व्या वर्षीं, तो वारला.

हा रोग पसरतो कसा, तें समजण्यास कठीण नाहीं. आरंभीं तो कातडीच्या वरच्या थरांत आडवा वाढतो. मग खालीं उतरूं लागतो. खोल गेला कीं जवळच्या रसग्रंथि गांठतो, आणि तेथून कोठेंहि जातो. म्हणून १९७० सालीं ब्रेस्लो या डॉक्टरानें त्याची जाडी मिलिमीटरांत मोजण्याची रीत घातली. एक मिलिमीटरपेक्षां कमी जाडीचा डाग सभोंवारच्या थोड्या कातडीसह कापून काढला, तर बहुतेक रोगी बरे होतात. एका मिलिमीटराचा हिशेब! पट्टीवरची ती बारीक रेघ मीं आयुष्यभर मुलांना दाखविली होती.

रोग पसरल्यावर पूर्वीं फारसा इलाज नव्हता. २०११ पासून मात्र शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीस मोकळें सोडणारीं औषधें आलीं. त्यामागील संशोधनाबद्दल ॲलिसन आणि होंजो यांस २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मेंदूपर्यंत रोग गेला होता; २०१५ सालीं हे उपचार झाले आणि ते पुढें शंभरी गांठून २०२४ सालीं वारले. परंतु हा गुण सर्वांस येत नाहीं. तळपायाच्या प्रकारांत तो कमीच येतो, आणि खर्च तर मध्यम स्थितीच्या कुटुंबास झेपण्यासारखा नाहीं.

तेव्हां पाहावयाचें तें आधींच. डाग दोन्ही बाजूंनीं सारखा नसणें, कडा वेड्यावांकड्या असणें, एकांत दोनतीन रंग दिसणें, पेन्सिलीच्या जाडीपेक्षां मोठा होणें, आणि मुख्य म्हणजे बदलत जाणें. नखांत उभी काळी रेघ रुंदावूं लागली तरीहि. स्वतःचा तळपाय स्वतःस नीट दिसत नाहीं. घरांतील दुसऱ्यानें तो उजेडांत पाहावा.

एक गोष्ट राहिली. सुरी लागली कीं कर्करोग पसरतो, असें पुष्कळ सुशिक्षित घरांतहि बोललें जातें. तपासणीसाठीं तुकडा काढल्यानें हा रोग पसरत नाहीं. ते चार महिने आमच्या बंधूंनीं याच भीतीपायीं घालविले, आणि मीं, थोरल्या भावापुढें कसें बोलावें म्हणून, त्यांस विरोध केला नाहीं.