करवंदांचा द्रोण

मे महिन्यात कसारा स्टेशनावर करवंदांच्या टोपल्या घेऊन आदिवासी बायका बसतात. पळसाच्या पानाचा, बारीक काडीने टाचलेला द्रोण भरून देतात. करवंदं संपली की द्रोण टाकून द्या, शेळी खाईल.

गेल्या उन्हाळ्यात मी द्रोण घेतला आणि सवयीने म्हणालो, "मावशी, पिशवीत द्या. कल्याणपर्यंत जायचंय."

"दादा, करवंदं रानातली, पान रानातलं. इकत आणायची ती तुमची पिशवीच."

मी गप्प झालो. रानावर कविता लिहिणारा मी! २३ मार्च २०१८ रोजी राज्यात या पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यालाच ५,००० रुपये दंड. ५,००० रुपयांची करवंदं वेचायला मावशींना किती दिवस लागत असतील? आणि मागणारा मी मात्र लोकलमध्ये बसून निघून जाणार.

आमची अम्मी अब्बांच्या जुन्या पायजम्याची पिशवी शिवायची, नाडीसकट. डाळ-मीठ कागदाच्या पुड्यांत, तेलाला घरची बाटली. कॉलेजात जायला लागल्यावर मला त्या नाडीची लाज वाटू लागली. बाजाराला मी रिकाम्या हातानेच जाऊ लागलो. दुकानदार देतोच की पिशवी!

पुढच्या खेपेला मी स्टीलचा डबा नेला. मावशींनी भरलेला द्रोण डब्यात रिकामा केला, पान झटकून पुन्हा टोपलीत ठेवलं आणि वर मूठभर करवंदं टाकली.